आठ आणे माणूस

वडनेरला हायवेच्या कडेला एक ऑनलाइनवाल्याचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा, बारावीचा निकाल, सगळं तिथे निघतं. जूनमधल्या एका दुपारी पुतण्यासोबत मी तिथे बसलो होतो. बाहेर नागपूर-हैदराबाद रस्त्यावरून ट्रक जात होते, दर ट्रकसरशी काउंटरची काच थरथरत होती आणि आत एकच शब्द या तोंडातून त्या तोंडात फिरत होता.

"काकाजी, कास्ट काढाची हाय का इन्कम?"

"कास्ट."

"साधी का व्हॅलिडिटीची?"

तेवढ्यात एक पोरगी दारातूनच ओरडली, "दादा, माही कास्ट निघाली का?"

विहिरीला पाणी निघावं तशी आमच्याकडे कास्ट निघते. जातीचा दाखला असं धोतरातल्या एका म्हाताऱ्याशिवाय कोणीच म्हणत नव्हतं. 'जात' उच्चारायला आता जरा संकोच वाटतो, 'कास्ट' म्हटलं की तोच विषय सरकारी होतो, इस्त्री केल्यासारखा. मी पुतण्याला विचारलं, हा शब्द कुठला रे? "इंग्लिश," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

इंग्लिश नाही. मुळात तो पोर्तुगीज आहे: 'कास्ता'. आणि त्याचा अर्थ सांगायला मला दूर जायला लागलं नाही, कारण ऑनलाइनवाल्याच्या भिंतीला भिंत लागून कृषी केंद्र आहे. पेरणीचे दिवस, दुकानात गर्दी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मालकाचा एकच प्रश्न: "कोनतं वाण पायजे?" कास्ता म्हणजे हेच, वाण. घोड्याचं, कुत्र्याचं, पिकाचं, माणसाच्या घराण्याचं. पोर्तुगालमध्ये आजही द्राक्षाच्या वाणांना 'कास्ता'च म्हणतात. तिथल्या वाइनच्या बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर 'कास्तास' असं लिहून पुढे तोरीगा नासिओनाल वगैरे द्राक्षांची नावं दिलेली असतात. म्हणजे लिस्बनच्या दुकानात कास्ट विचारली तर समोरचा माणूस द्राक्ष सांगेल.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं. या मंडळींनी आपल्याकडची जातव्यवस्था पाहिली. कोण कोणाच्या हातचं जेवतो, कोण कोणाच्या घरात मुलगी देतो, हे पाहून त्यांना आपल्या गोठ्यातला आणि मळ्यातलाच शब्द आठवला. इंग्रजांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि त्याचं 'कास्ट' केलं. पुढे इंग्रजांकडून आपण तो परत घेतला, आपल्याच जातीला लावायला. सातासमुद्रांचा फेरा करून तो वडनेरच्या काउंटरवर फी भरून छापून निघतो आहे, ही गंमत मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवली.

पण इंग्रजांनी या शब्दाला आणखी एक शेपूट जोडलं होतं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते: 'हाफ-कास्ट'. शब्दशः, अर्धं वाण. गोरा बाप आणि इथली आई यांच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हे नाव. गोठ्यातल्या शब्दाची ही अर्धी फोड इथेच पडली आणि नंतर साम्राज्याच्या जहाजांवर चढून जगभर गेली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात १८८६ मध्ये एक कायदा झाला, तो 'हाफ-कास्ट अ‍ॅक्ट' म्हणूनच ओळखला जातो. मिश्र रक्ताच्या आदिवासींनी वस्तीत राहायचं की नाही हे त्याने ठरवलं. पोर्तुगिजांचं द्राक्ष, हिंदुस्थानातली जात आणि ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या पोराची आईपासून ताटातूट, एका शब्दाच्या एवढ्या लांब दोरीवर ही तिन्ही टोकं बांधलेली आहेत.

अर्धं-पाऊण मोजायची ही सवय पोर्तुगिजांनाही होतीच. अल्बुकर्कने आपल्या शिपायांना गोव्यातल्या बायकांशी लग्न करायला मुद्दाम उत्तेजन दिलं होतं. पोर्तुगाल छोटा, माणसं थोडी, मग राज्य धरून ठेवणार कोण? तर इथेच घरं थाटलेले शिपाई आणि त्यांची मुलं. पण मुलं झाल्यावर त्यांना कप्पे लागले. पोर्तुगालात जन्मून इथे आलेला तो 'रेनोल', राज्यातला. मिश्र तो 'मेस्तीसो'. आणि या दोघांच्या मध्ये एक विलक्षण कप्पा होता, 'कास्तीसो': आई पोर्तुगीज, बाप पोर्तुगीज, रक्तात थेंबाचीही भेसळ नाही, फक्त जन्म इथला. तेवढ्यानेही दर्जा एक पायरी खाली! इथल्या हवेनेच माणूस बाटतो अशी ही समजूत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने या कप्प्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. तो आर्चबिशपच्या पदरी होता, घरातलं बोलणं ऐकणारा माणूस.

(मेस्तीसो ऐकून कोकणातल्या मेस्त्रींनी दचकू नये. मेस्त्री, मिस्त्री हे 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद या दुसऱ्याच पोर्तुगीज शब्दावरून आले. कानाला सारखे, नात्याने परके.)

हिशेब एकतर्फी नव्हता. आपणही त्यांना नाव ठेवलंच होतं. फ्रँक या युरोपातल्या जमातीच्या नावावरून अरबी-फारसीत 'फरंग', आणि मराठीत फिरंगी. आपल्या भाषेने या एका शब्दाचं काय काय केलं पाहा. युरोपातून आलेल्या पात्याची सरळ तलवार ती फिरंग. वसईकडचा पोर्तुगीज मुलूख तो फिरंगाण. आणि गोऱ्यांबरोबर आलेला गुप्तरोग तोही फिरंगच, सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात त्याचं याच नावाने वर्णन आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे सगळे येतात आणि सगळ्यांवर मिळून एकच शिक्का: टोपीकर. वलंदेज म्हणजे हॉलंडचे, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. डेन्मार्कच्या माणसाला डिंगमार म्हणणारी भाषा कोणाचं काही देणं लागत नाही, असं मला नेहमी वाटतं.

तर इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनीचं सुरुवातीचं धोरण पोर्तुगिजांसारखंच होतं. १६८७ मध्ये लंडनहून संचालकांनी मद्रासला लिहिलं, की आपल्या शिपायांनी इथल्या बायकांशी लग्नं करावीत यासाठी थोडा खर्च आला तरी चालेल, आणि मुलाचा बाप्तिस्मा होईल त्या दिवशी आईला एक पॅगोडा, म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, बक्षीस द्यावं. म्हणजे या माणसांच्या जन्मालाच कंपनीने नाणं मोजलं होतं. शंभर वर्षांत वारं फिरलं. कंपनीच्या नोकऱ्या आता सोन्याच्या खाणी झाल्या होत्या आणि त्या आपल्या पुतण्या-भाच्यांना हव्या होत्या. १७८६ मध्ये हुकूम निघाला, की गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पोरक्या मिश्र मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचं नाही. १७९१ मध्ये, ज्याची आई किंवा बाप इथला, त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत हुद्दा नाही. १७९५ मध्ये आणखी कडक: आई-बाप दोन्ही युरोपियन नसतील तर फौजेत फक्त बासरी वाजवावी, ढोल बडवावा, बँडमध्ये उभं राहावं, नाहीतर घोड्यांना नाल ठोकावेत.

ज्यांना ढोल बडवायचा नव्हता ते कुठे गेले? बरेचसे आपल्याकडे, मराठ्यांकडे. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत, जन्म १७७८ चा. कंपनीचं दार बंद म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत गेला, तिथे लढला, जखमी झाला, नाव कमावलं. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटलं तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रजी रक्ताचे सगळे अधिकारी काढून टाकले. त्यात स्किनरही. स्किनरने म्हणे विनवलं, मला ठेवा. नाही ठेवला. आता चित्र बघा: शिंद्यांच्या छावणीत हा माणूस जरा जास्तच इंग्रज ठरला आणि कलकत्त्याच्या कचेरीत पुरेसा इंग्रज ठरला नव्हता. तोच माणूस, तेच रक्त, तराजू तेवढे दोन. शेवटी इंग्रजांनी त्याला घोडदळ उभारायला दिलं. पिवळ्या अंगरख्यांचं 'स्किनर्स हॉर्स' त्याच साली सुरू झालं आणि आजच्या भारतीय सैन्यातही ते आहे. लोक स्किनरला सिकंदर साहेब म्हणत.

त्याच युद्धाची शेवटची रेघ आमच्या गावाजवळून गेली. असई, मग अडगाव, मग गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह. नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. वडनेर अलीकडे राहिलं, नदीपलीकडचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. आजही आम्ही पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, यवतमाळ लागतो.

यानंतरची गोष्ट म्हणजे नावं बदलण्याची गोष्ट. हाफ-कास्ट हा शब्द ज्यांना लावला जाई त्यांना तो अर्थातच झोंबत होता. मग त्यांनी स्वतःसाठी नावं शोधायला सुरुवात केली. इंडो-ब्रिटन. ईस्ट इंडियन. युरेशियन. कलकत्त्यात हेन्री डेरोझिओ हा बाविशीतच वारलेला कवी-मास्तर याच समाजातला. १८३१ मध्ये, म्हणजे मरणाच्याच वर्षी, त्याने काढलेल्या वर्तमानपत्राचं नाव 'द ईस्ट इंडियन' होतं. त्याच्या आदल्या वर्षी जॉन रिकेट्स नावाचा गृहस्थ या समाजाचा अर्ज घेऊन थेट लंडनला पार्लमेंटपुढे उभा राहिला होता. अर्जातली एक तक्रार वाचून मी थक्क झालो. मोठ्या शहरांबाहेर हिंदूंना हिंदूंचा कायदा होता, मुसलमानांना त्यांचा, इंग्रजांना इंग्रजांचा. पण हे लोक ख्रिस्ती असून इंग्रज नव्हते, इथले असून हिंदू वा मुसलमान नव्हते. त्यांच्या लग्नाला, वारसाला, मृत्युपत्राला नेमका कोणता कायदा हेच ठरलेलं नव्हतं. ज्या माणसाला रकाना नाही त्याला कायदाही नाही. ऑनलाइनवाल्याच्या दुकानात बसून हे आठवलं की जरा वेगळं वाटतं. तिथेही लाल फुलीवाला रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

याच सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने पुण्याजवळ भीमेकाठच्या फुलगावात, जिथे दुसऱ्या बाजीरावाचा वाडा होता, तिथे 'ईस्ट इंडियन' लोकांची शेतकरी वसाहत बसवायचा घाट घातला. पेशव्याच्या वाड्यात मिश्र रक्ताचे शेतकरी! कल्पनेला दाद द्यायला हवी. ती वसाहत काही तगली नाही.

पण 'ईस्ट इंडियन' हे नाव तगलं, आणि तेही दुसऱ्याच माणसांच्या अंगावर. बंगालातल्या मंडळींनी ते हळूहळू टाकून दिलं. इकडे मुंबई-साष्टी-वसईच्या पट्ट्यात पोर्तुगिजांच्या राजवटीत ख्रिस्ती झालेले आपलेच मराठी लोक होते: भंडारी, कोळी, कुणबी, आगरी, सामवेदी. त्यांना इंग्रज सरसकट 'पोर्तुगीज' म्हणत. पुढे नोकरीसाठी गोव्याहून लोक आले, तेही पोर्तुगीजच म्हणवले जात. घोटाळा नको, आणि आम्ही तर कंपनीचे जुने नोकर, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या साली, १८८७ मध्ये, या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केलं. घरात मराठी बोली, बायकांच्या अंगावर लुगडं, स्वयंपाकात बाटली मसाला, आणि नाव मात्र असं की परक्याला वाटावं हे गोऱ्यांचे कोणी लागतात. पन्नास वर्षांपूर्वी कलकत्त्यात ज्या शब्दाचा अर्थ 'मिश्र' होता, तो मुंबईत 'अस्सल इथले' या अर्थाने वापरला गेला. शब्दाला अंगरख्यासारखं उतरवून दुसऱ्याने घालावं, तसं.

युरेशियन हे नाव सभ्य म्हणून आलं होतं. अर्धा युरोप, अर्धा एशिया, कोणाचा अपमान नको. दोन पिढ्यांत त्यालाही तीच शिवी चिकटली जी हाफ-कास्टला होती. नाव धुवायला टाकावं आणि डाग तसाच निघावा. शिवाय गोऱ्यांच्या क्लबातली वेगळी शब्दसंपत्ती होतीच. या लोकांच्या इंग्रजी बोलण्याच्या हेलाला ते 'ची-ची' म्हणत. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या जाडजूड कोशात त्याची व्युत्पत्ती वाचून मी हसू की चिडू हे मला कळेना. तो आपला साधा उद्गार आहे: छी! छी! आया मुलाला घाणीत हात घालू नको म्हणून दटावते ना, तोच. आपल्या आयांच्या तोंडातला शब्द साहेबांनी उचलून त्याच आयांच्या नातवंडांना लावला.

दुसरा शब्द 'कंट्री'. कंट्री-बॉर्न म्हणजे इथे जन्मलेला, म्हणून दुय्यम. तो 'कंट्री' आपल्याकडे अजून जिवंत आहे, देशी दारूच्या परवान्यावर, 'कंट्री लिकर' म्हणून. अर्थात आमचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या पुण्याईने दारूबंदीचा, त्यामुळे ही पाटी वाचायला नदी ओलांडावी लागते. वाचायला जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे.

आमच्या भागात या मिश्र समाजाचे लोक आले ते रेल्वेसोबत आणि कामठीच्या छावणीसोबत. कामठीची छावणी १८२१ ची. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला. तारघर आणि रेल्वे ही या समाजाची मोठी आसरास्थानं झाली. ड्रायव्हर, गार्ड, तारमास्तर. वरचा साहेब विलायतेचा, खालचा खलाशी इथला, आणि मधल्या पायरीवर हे. भुसावळ, इगतपुरी, दौंड, नागपूर इथल्या रेल्वे वसाहतींमधून त्यांच्या पिढ्या गेल्या.

आणि त्याच हिंगणघाटला इंग्रजांना आणखी एका मिश्रणाची चिंता लागली होती. कापसाच्या. आमच्याकडचा 'बनी' कापूस लांब, मऊ धाग्याचा. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे गावाचं नाव राहिलं नव्हतं, ती कापसाची प्रत होती, तिचा भाव वेगळा निघे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे दिवस आले. लगेच व्यापाऱ्यांनी बनीत जाडाभरडा 'जारी' मिसळायला सुरुवात केली. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला. मध्य प्रांताला खास कॉटन कमिशनर मिळाला, जे. एच. रिव्हेट-कार्नॅक. बनी शुद्ध राहावा म्हणून त्याने जंग जंग पछाडलं. शेतकऱ्याने मात्र आपला हिशेब केला. जारीचं पीक जास्त, तो लवकर येतो, भावात फरक थोडा. काही वर्षांत शेतं जारीने भरली आणि बनी नामशेष होत गेला. शुद्धतेच्या मागे लागलेल्या या कमिशनरच्या तारा पाठवणारे, गाड्या हाकणारे बरेचसे लोक ज्यांना सरकारदरबारी 'मिश्र' म्हणत तेच असत, हे त्याच्या ध्यानात कधी आलं असेल का, असं मला उगाच वाटून जातं.

'अँग्लो-इंडियन' हे नाव सगळ्यांत शेवटी हाती आलं, आणि तेही चोरल्यासारखं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अँग्लो-इंडियन म्हणजे हिंदुस्थानात नोकरीला आलेला अस्सल गोरा साहेब. किपलिंग अँग्लो-इंडियन लेखक म्हणवला जाई तो या अर्थाने. १९११ च्या जनगणनेत सरकारने ते नाव मिश्र समाजाला दिलं आणि साहेब लोक चरफडले.

पुढे ते आपल्या राज्यघटनेत आलं. कलम ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे, आणि ती सावकाश वाचण्यासारखी आहे. ज्याचा बाप, किंवा बापाच्या बाजूचा कोणीही पुरुष पूर्वज, युरोपियन वंशाचा आणि जो इथेच जन्मला-राहिला, तो. म्हणजे खापरपणजोबा गोरा असला तरी चालेल, पण धागा पुरुषापुरुषांतूनच यायला हवा. आई गोरी असून उपयोग नाही. शिवाय 'अँग्लो' म्हटलं तरी इंग्रज असणं जरुरीचं नाही, पोर्तुगीज, डच, फ्रेंच कोणीही चालतो. या समाजाची बाजू घटना समितीत लढवली ती फ्रँक अँथनी यांनी. ते १९०८ साली जबलपूरला जन्मले, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच मध्य प्रांतातले. समितीत एस. एच. प्रेटरही होते, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर. त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन अ‍ॅनिमल्स' १९४८ मध्ये आलं. वाघ, अस्वल, चौशिंगा यांच्या जाती-पोटजाती आयुष्यभर लावणारा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या जातीच्या रकान्यावर दीडशे वर्षं वाद चाललेला. लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य राष्ट्रपती नेमत. महाराष्ट्राच्या विधानसभेतही २८८ निवडून येत आणि २८९ वा नेमलेला अँग्लो-इंडियन असे. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० मध्ये ही तरतूद संपली.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याने मला या सगळ्यात ओढलं. साहेबांच्या क्लबात रक्त मोजायचं एक माप होतं: आणे. रुपयाचे सोळा आणे. अर्धा गोरा तो 'आठ आणे'. आजी इथली असेल तर चार आणे काळा. हे मला फार विलायती आणि दुष्ट वाटलं होतं, मग एकदम आठवलं, आपल्याकडे काय आहे? अकरमाशी. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ मध्ये आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिलं. तोळ्याचे मासे बारा. पूर्ण बारा माशांचं ते अस्सल, अकरा माशांचं ते हिणकस. लग्नाबाहेर, जातीबाहेर जन्मलेल्याला हा शब्द. पेशवाईतल्या कागदांत 'लेकावळा' आहे, तोही याच घरातला. म्हणजे साहेबाने माणूस रुपयावर मोजला आणि आपण सराफाच्या काट्यावर. दोन्ही काटे वेगळे असतील असं मी धरून चाललो होतो.

ते वेगळे नव्हते. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया काढला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोब्बर एक तोळा. बारा मासे. आता तो रुपया शुद्ध चांदीचा होता का? नव्हता. शुद्ध चांदी मऊ, खिशात झिजून जाते, म्हणून कायद्यानेच ठरवलं होतं की अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. चांदी १६५ ग्रेन. मासा पंधरा ग्रेनांचा. करा भागाकार.

अकरा मासे.

हा हिशेब कागदावर झाल्यावर मी आईच्या गाठोड्यातले दोन रुपये खिशात घातले आणि हिंगणघाटला ओळखीच्या सराफाकडे गेलो. एक राणीछाप, १८८५ चा. दुसरा सहाव्या जॉर्जचा, १९४३ चा. त्याने दोन्ही बोटाच्या टोकावर धरून टिचकी मारली. राणीचा लांबवर वाजला. जॉर्जचा जरा बसका.

"हा एक्याण्णव टंच," राणी बाजूला ठेवत तो म्हणाला, "आन हा पन्नास. लढाईच्या टायमाले चांदी नव्हती ना त्याहिच्यापाशी. चाळीसपासून अर्धीच टाकत."

"म्हणजे आठ आणे."

"हो जी, आठच आने."

मी त्याला अकरमाशीची गोष्ट सांगितली. राणीचा रुपयाच एक मासा कमी, हे ऐकून तो हसला, पण त्याला त्यात नवल वाटलं नाही. धंद्याची गोष्ट आहे. त्याने राणीचा रुपया भिंगाखाली धरला आणि मला दाखवला, एवढ्या वर्षांनीही नाकाची रेघ कशी स्पष्ट आहे ते.

"तांबं नसतं ना, तर रानीचं नाक कवाचंच घासून गेलं असतं," तो म्हणाला. मग इलेक्ट्रॉनिक काट्याकडे हात नेत विचारलं, "विकाचे हायत का?"